मांजराची जखम भरत नाही तेव्हा: आधी कारण, मग पीआरपी

पीआरपी (मांजराच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट या रक्तपेशींनी दाट झालेला द्रव), कोलेजन (कातडीतलं प्रथिन), लेझर, स्टेम सेल (मूळ पेशी) हे जखम भरायच्या उपचारांचे शब्द आता नागपुरातल्या मांजरवाल्यांच्या तोंडीही येऊ लागले आहेत. नोकरीची सगळी वर्षं मी मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग केली, त्यामुळे त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या मांजराला लागलं की मला हाक येते. हल्ली प्रश्न असा असतो: "मावशी, महिना झाला, जखम भरूनच नाही राहिली. पीआरपी करून टाकू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी ती का भरत नाही ते शोधा. शरीराची स्वतःची दुरुस्ती वाढवणारा कुठलाही उपचार स्वच्छ आणि जिवंत जखमेवरच चालतो, आणि तोही जखम अडवून धरणारं कारण दूर झाल्यावर. आत पू असेल, गाठ असेल, बुरशी असेल, तर वरून ओतलेला पैसा वाया जातो आणि मांजराचा वेळही जातो. निदान आणि औषध पशुवैद्यांचं काम. पण दिवसातून दोनदा जखम बघणारे तुम्ही असता, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

मांजराची कातडी वेगळी

ज्यांनी आधी कुत्रा पाळला आहे त्यांना मांजराची जखम फार रेंगाळते असं वाटतं, आणि ते खरं आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात मार्क बोहलिंग आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या जखमा शेजारीशेजारी ठेवून तपासल्या आणि २००४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. टाके घातलेल्या जखमेची सात दिवसांनंतरची ताकद मांजरात कुत्र्याच्या निम्मीच भरली. उघड्या जखमेत जो लाल, दाणेदार थर येतो, ज्याला आम्ही वॉर्डात ग्रॅन्युलेशन म्हणायचो, तो मांजरात उशिरा येतो, कमी येतो आणि कडेकडेने सरकत मध्यापर्यंत जातो. कातडीखालचा चरबीचा थर निघून गेला असेल तर मांजराचं नुकसान कुत्र्यापेक्षा जास्त होतं.

याचा उपयोग असा: भरणारी जखम कडेवर बघायची. कडेला पातळ, गुलाबी, चमकदार पट्टी आत सरकताना दिसली तर धीर धरा. कडा जाड, करडी, आत वळलेली असेल, तळ फिकट आणि गुळगुळीत असेल, किंवा जखमेच्या कडेखाली बोट जाईल असा खिसा झाला असेल, तर ती जखम अडलेली आहे.

डोळ्यांवर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा. दोन आठवड्यांच्या फोटोंत लांबी-रुंदी कमी झाली नसेल तर मलम बदलत बसू नका. फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.

अडवणारं कोण आहे?

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

बोक्यांच्या भांडणातला चावा वरून टोचल्यासारखा दिसतो. दात मात्र खोल जातो, वरची कातडी मिटते आणि आत पू साठतो. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला हा जंतू त्यात हमखास असतो. असं गळू फुटतं, सुकतं, पुन्हा फुटतं. तसं होत असेल तर आत दाताचा तुकडा, काटा किंवा सडलेली ऊती राहिली असण्याची शक्यता धरा. भांडकुदळ बोक्यांत एफआयव्ही आणि एफईएलव्ही या विषाणूंची लागणही चाव्यातून होते. प्रतिकारशक्ती खचली की साधी जखमही महिनोन्‌महिने राहते. थेंबभर रक्तावर होणारी किटची तपासणी करून घ्या.

साखर तपासा. मात्र दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून एका आकड्यावर मधुमेह ठरवू नये. मागच्या काही दिवसांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. खाजेसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं चालू असतील तर तेही न विसरता सांगा. स्टिरॉइडने जखम भरणं मंदावतं.

पोटाखालच्या, जांघेतल्या चरबीत बारीक बारीक छिद्रं पडून पाणी येत राहिलं, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद मिळाली नाही, तर मायकोबॅक्टेरिया किंवा नोकार्डिया हे हट्टी जंतू असू शकतात. नाकावर, पंजांवर, कानांवर गाठी होऊन फुटत असतील तर स्पोरोथ्रिक्स ही बुरशी तपासावी लागते. ती मांजराकडून माणसाला लागते. निदान होईपर्यंत हातमोज्यांशिवाय जखमेला हात लावू नका. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर अजिबात नाही.

आणि ऊन. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पांढरी मांजरं तरीही सकाळी गच्चीच्या कठड्यावर ताणून देतात. ज्यांच्या कानांच्या टोकांवर आणि नाकावर केस विरळ आणि कातडी गुलाबी, त्यांना तिथे कातडीचा कर्करोग होतो, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो सुरुवातीला अगदी साध्या खपलीसारखा असतो. खपली पडते, रक्त येतं, पुन्हा धरते. आमच्या शेजारच्या काकूंची पांढरी मनी अशीच होती. कानाच्या टोकाला भांडणाचं ओरखडं म्हणून सगळे मलम लावत होते. तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं. कानांची टोकं कापावी लागली, पण ती जागा छान भरली आणि मनी आजही आहे. अशा जखमेवर कुणी पीआरपी टोचली असती किंवा लेझर फिरवला असता तर? वाढीला चालना देणारी गोष्ट गाठीच्या पेशींनाही चालना देऊ शकते. म्हणून माझा आग्रह आहे: न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय पीआरपी, स्टेम सेल, लेझर यांतलं काहीही नको.

शेवटचं कारण हालचाल. आमच्या गल्लीतल्या भुऱ्या बोक्याचा पुढचा पाय गळ्याच्या पट्ट्यातून आरपार गेला आणि पट्टा काखेत रुतला. अशी काखेतली जखम फार हट्टी असते. मांजर चाललं की कातडी सरकते, टाके ताणतात, जखम उसवते. भुऱ्याची दोनदा उसवली. शेवटी डॉक्टरांनी जुन्या कडा कापून काढल्या, पोटातल्या आतड्यांवरची चरबीची झालर, म्हणजे ओमेंटम, कातडीखालून काखेपर्यंत आणून बसवली आणि शेजारची कातडी फिरवून झाकली. ओमेंटममध्ये रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि ती साठलेलं पाणी शोषून घेते. शरीराजवळ असलेला हा सगळ्यात जुना दुरुस्तीचा माल आहे, त्याला मशीन लागत नाही. पट्टा घालायचाच असेल तर ओढ बसताच सुटणाऱ्या बकलचा घाला.

तपासण्यांसाठी सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आपल्याजवळ आहे. १९५८ पासूनचं हे महाविद्यालय आता माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. शल्यचिकित्सा आणि विकृतिशास्त्र (जखमेचा तुकडा तपासणारा) हे दोन्ही विभाग एकाच आवारात असणं अशा जखमेसाठी मोलाचं आहे. सकाळी लवकर जा, जुने कागद आणि ते आठवड्याचे फोटो बरोबर न्या.

जमीन तयार करणं

कारण कळलं, त्यावर औषध सुरू झालं, की तुमचं काम सुरू होतं.

मेडिकल स्टोअरमधून नॉर्मल सलाईनची बाटली, २० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई आणा. सलाईन कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. सिरिंज जोरात दाबून सलाईनची धार जखमेवर मारायची. सुई जखमेपासून दूर राहील, टोचणार नाही, इतकं अंतर ठेवा. या धारेने घाण निघते आणि नवा थर दुखावत नाही. बाटली नसेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा, घालून गार करा आणि त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरम येतं म्हणून कुणी तेच वापरतं, ते करू नका.

जंतुनाशक लागलंच तर बीटाडिनचं सोल्यूशन घ्या. स्क्रब नको, त्यात साबण असतो. सलाईनमध्ये इतकं पातळ करा की रंग फिक्या कोऱ्या चहाचा दिसेल. घट्ट बीटाडिन नव्या पेशींनाच मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच, फेस येतो म्हणून साफ झालं असं वाटतं, प्रत्यक्षात कोवळा थर जळतो.

हळद घालू नका. आपल्या घरांत हा हात आपोआप डब्याकडे जातो, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत तिचा लगदा बसतो आणि खालचा तळ दिसेनासा होतो. डेटॉल आणि फिनाईल मांजराच्या यकृताला पचत नाहीत, म्हणून जखमी मांजर फिरतं त्या फरशीवर फिनाईलचा पोछाही नको, साधं पाणी पुरे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याची गोचीड-पावडर, जिच्यात परमेथ्रिन असतं, ती नको. पावसाळ्यात माशा बसून जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन ओतायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ते मांजराला विषारी आहे. अळ्या चिमट्याने, मांजराला गुंगी देऊन, दवाखान्यातच काढायच्या, आणि त्याच दिवशी.

जखम उघडी ठेवून सुकवावी हा समज आता जुना झाला. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की झाकलेल्या, ओलसर जखमेवर नवी कातडी खपलीच्या जखमेपेक्षा लवकर सरकते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे जास्तच लागू पडतं. एप्रिल-मेमध्ये उघडी जखम काही तासांत कडक होते. पॅराफिन गॉजचा तुकडा जखमेच्या मापाचा, त्यावर कापसाचा गॉज, वर सैलसर रोलर बँडेज. पायावर पट्टी असेल तर बोटांची टोकं बाहेर ठेवा आणि दिवसातून दोनदा बघा. बोटं फुगली, गार पडली, तर पट्टी लगेच सोडा. कूलरसमोर मांजराला झोपवू नका, दमट हवेने पट्टी बाहेरून भिजते आणि बाहेरचे जंतू आत जातात.

मध चालतो, पण जखमेसाठीच तयार केलेला, निर्जंतुक केलेला. चिखलदऱ्याहून आणलेला जंगली मध खायला उत्तम, जखमेत मात्र नको, कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात.

चाटणं थांबवलं नाही तर वरचं सगळं व्यर्थ. मांजराची जीभ कानसच असते. दुकानातली कॉलर बसत नसेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा शंकू करता येतो, फक्त कडेला जाड चिकटपट्टी लावा, ती कड कापते. धडावरच्या जखमेला मी बाळाचं सुती झबलं घालते. शेपटीकडची बाजू कापून नाड्या लावल्या की तासाभरात मांजर ते विसरतं.

आणि जेवण. दूध-पोळीवर कातडी बनत नाही. मांजर मांसाहारी प्राणी आहे, तिला प्रथिनं प्राण्यांचीच लागतात. कांदा-लसूण न घालता उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, किंवा मांजराचं तयार खाणं द्या. घरात मांस शिजत नसेल तर तयार खाण्याला पर्याय नाही. दर आठवड्याला वजन करा. मांजराने दोन दिवस तोंड लावलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

आता पीआरपी

रक्तातल्या प्लेटलेट रक्त थांबवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या पोटातल्या पुड्यांत वाढीचे घटकही असतात. ते नव्या रक्तवाहिन्यांना आणि ऊती विणणाऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतात. पीआरपी म्हणजे मांजराचंच रक्त घेऊन, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, प्लेटलेटने दाट झालेला द्रव वेगळा काढायचा आणि जखमेच्या कडांत टोचायचा, किंवा कॅल्शियम घालून त्याचा थुलथुलीत गोळा करून तळावर ठेवायचा.

मांजरात हे अवघड का, ते समजून घ्या. चार किलोच्या मांजरात सगळं मिळून साधारण पाव लिटर रक्त असतं. त्यातून थोडंच काढता येतं, आणि मांजर अशक्त, रक्त कमी असलेलं असेल तर तेही नाही. तिच्या तांबड्या पेशी लहान आणि प्लेटलेट मोठ्या असतात, त्यामुळे दोन्ही नीट वेगळ्या होत नाहीत. शिवाय सुई लावताना जरा धडपड झाली की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. म्हणून रक्त बहुधा गुंगी देऊन, मानेच्या मोठ्या शिरेतून, एकाच दमात काढतात. माणसांच्या केसांसाठी पीआरपी करणाऱ्या क्लिनिकचं किट आणि तिथलं फिरवण्याचं गणित मांजराला तसंच लागू होत नाही.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. जखमेचा तुकडा तपासला का, आणि कल्चर, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, झालं का? किती रक्त घेणार आणि त्याआधी हिमोग्लोबिन बघणार का? तयार झालेल्या द्रवात प्लेटलेट खरंच वाढल्या का, हे काचपट्टीवर बघणार का? आणि किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबणार? हे विचारल्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं आणि स्टिरॉइड चालू असतील तर आधीच सांगा, त्यांचा प्लेटलेटवर परिणाम होऊ शकतो. गुंगी देणार म्हणून किती तास उपाशी ठेवायचं तेही लिहून घ्या. दुसऱ्या मांजराचं रक्त "देऊन बघू" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. मांजरांचेही ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात आणि बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए विरुद्ध जोरदार प्रतिपिंडं जन्मजात असतात.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा दोन-तीन दिवस, ती पट्टी उघडायची नाही. आत काय झालं असेल ही उत्सुकता आवरा. उघडली की ठेवलेला गोळाच निघून येतो. मात्र वास आला, पट्टी भिजून पिवळी झाली, मांजर दबून बसलं, तर लगेच फोन करा.

कोलेजनच्या पत्र्या मला पीआरपीपेक्षा जास्त ओळखीच्या. भाजलेल्या माणसांवर आम्ही त्या भरपूर वापरल्या, मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात आणि स्वच्छ, उथळ जखमेवर पशुवैद्यही लावतात. नवी कातडी सरकायला तो एक मांडव होतो. दोन-तीन दिवसांनी पत्री विरघळून पिवळसर बुळबुळीत होते. तिला वास नसतो, तो पू नव्हे, घासून काढू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून पेशी काढून टाकलेलं असंच एक आवरण बनवलं आहे, आपल्याकडचं हे संशोधन मला फार आश्वासक वाटतं.

माशाच्या कातडीबद्दलही विचारणा होते. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यात पंजे भाजलेल्या दोन अस्वलांवर आणि पहाडी सिंहाच्या एका पिल्लावर जेमी पेटन या पशुवैद्य बाईंनी तिलापिया माशाची कातडी बसवली आणि तिने आराम पडला. ती निर्जंतुक केलेली कातडी होती. बाजारातून मासा आणून घरी हा प्रयोग करू नका, जंतू जातील, आणि मांजर ती खाऊन टाकेल ते वेगळंच.

लेझरने वेदना आणि सूज कमी व्हायला मदत होते, मांजराच्या आणि तुमच्या डोळ्यांवर संरक्षण हवं, एवढं बघा. ओढ देऊन द्रव शोषणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग मोठ्या जखमांसाठी उत्तम, पण ते दवाखान्यात भरती ठेवूनच.

स्टेम सेलबद्दल स्पष्ट सांगते. मांजरांत त्यांचं गाजलेलं काम हिरड्यांच्या हट्टी आजारावर आहे. २०१६ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बोआझ आर्झी यांच्या चमूने सात मांजरांना त्यांच्याच चरबीतल्या पेशी शिरेतून दिल्या आणि त्यांतली पाच मांजरं सुधारली. ते तोंडाच्या आजाराचं आहे, कातडीच्या जखमेचं नाही. कुणी तयार बाटली दाखवून मोठी रक्कम सांगत असेल तर ते पैसे बायोप्सी (तुकड्याची तपासणी), कल्चर आणि चांगल्या शस्त्रक्रियेवर खर्च करा.

भरल्यावरचे आठवडे

मांजराची जखम वरून मिटलेली दिसते आणि आतून कच्ची असते. टाके काढल्यावर दुसऱ्याच दिवशी उडी मारून ती उसवते, ते याचमुळे. टाके काढायची घाई करू नका आणि काढल्यावरही आठवडाभर कॉलर राहू द्या. मांजराला एका खोलीत ठेवा, कपाटावर चढायच्या वाटा बंद करा, शी-शूचा डबा बुटका ठेवा. डब्यात माती-वाळूऐवजी फाडलेला कागद घाला, कण जखमेत जात नाहीत. नव्या गुलाबी कातडीवर केस येईपर्यंत ऊन लागू देऊ नका, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर खिडकीचा पडदाही ओढून ठेवा. आणि आठवड्याचा फोटो चालू ठेवा. कडेला पुन्हा ओल दिसली, खपली धरली, खाली पाण्याचा फुगा लागला, तर त्याच दिवशी दाखवा.